सातव्या अध्यायातली बाई

प्याला माझ्यापर्यंत आलाच नाही.

ठाण्याच्या प्रार्थनाघरात माझं ते पहिलं प्रभुभोजन. बाप्तिस्मा नुकताच झालेला. अंगावर धुतलेलं लुगडं, मांडीवर तापानं मलूल झालेली पोर. पुढे सतरंजीवर आम्हाला शास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांचं कुटुंब आणि वरच्या जातीतून आलेली दोन-तीन घरं. मागे दाराशी, चटईवर, आम्ही महार. चांदीचा प्याला पुढच्या सगळ्यांच्या ओठांना लागला. मग मास्तर उठले. कोनाड्यातून मातीचं बोळकं काढलं. हात लांब धरून प्याल्यातला द्राक्षारस वरून त्यात ओतला आणि बोळकं माझ्यापुढे जमिनीवर ठेवलं. हातात दिलं नाही. ठेवलं.

"हे तुमचं," म्हणाले.

मी प्यायले.

गावच्या विहिरीवर असंच वरून पाणी ओतायचे. पण तिथे मला कोणी भगिनी म्हणत नव्हतं. मास्तर म्हणायचे.

माझा नवरा कल्याणला आगगाडीच्या रुळांवर खडी टाकायचा. पटकीत गेला. पोरीला घेऊन मी बाळकुमला आईकडे आले. आई मिठागरावर मीठ वाहायची, मीही वाहू लागले. पोरीला हिवताप धरला तेव्हा पाद्रीसाहेबांच्या मडमेनं औषध दिलं. औषध न्यायला जायची, त्यात अक्षरं शिकले. मिठानं फाटलेलं बोट ओळीवर ठेवून वाचायचे. बोट झोंबायचं. तरी वाचायचे. कोणीतरी माझ्यासारख्यांच्या घरी जेवायला बसतो, महारोग्याला हात लावतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आणि बाप्तिस्मा घेतला. मग मडमेनं वस्तीतल्या बायकांना वाचून दाखवायचं काम दिलं.

त्यासाठी मास्तरांच्या वर्गाला बसावं लागे. मास्तर मूळचे कल्याणचे ब्राह्मण. ते ख्रिस्ती झाले तेव्हा घरच्यांनी जिवंतपणी त्यांचं श्राद्ध घातलं. ते दुःख खरं होतं. मी नाही म्हणत नाही.

बायबलातलं मार्काचं शुभवर्तमान चाललं होतं. सातवा अध्याय. सुरुवातीलाच हात न धुता जेवण्यावरून भांडण. येशू सांगतो, बाहेरून तोंडात जातं त्यानं माणूस विटाळत नाही, मनातून निघतं त्यानं विटाळतो. मी मोठ्यानं वाचलं. अंगावर काटा आला. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

पुढे वाचलं. एक परजातीची बाई येते. तिच्या पोरीला भूत लागलंय. ती पाया पडते. आणि तो तिला सांगतो, लेकरांची भाकर काढून कुत्र्यांना टाकणं बरं नव्हे.

मी थांबले. पुन्हा वाचलं. तेच होतं.

"मास्तर, तो तिला कुत्रं म्हणाला?"

"प्रभूनं परीक्षा घेतली. ती रागावली नाही. मेजाखालची कुत्रीसुद्धा चुरा खातात, म्हणाली. एवढी नम्रता! म्हणून तिची मुलगी बरी झाली. तू हेच शिकायचंस."

"आणि रागावली असती तर? पोर तशीच ठेवली असती त्यानं?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं. "शंका सैतान घालतो गं."

घरी आले. आई पायावरचं मीठ धूत होती. ती ख्रिस्ती झाली नव्हती, शेवटपर्यंत झाली नाही. तिला गोष्ट सांगितली. ती पाय धूतच राहिली. मग म्हणाली, "तिची पोर आजारी व्हती ना? मंग ती दुसरं काय बोलनार? पोर बरी झाल्यावर घरी जाऊन काय बोल्ली, ते लिवलंय का त्यात?"

नव्हतं लिहिलेलं.

त्या दिवशी मला कळलं, मी बोळक्यातलं का प्यायले. नम्रता नव्हती ती. औषध मडमेच्या कपाटात होतं. भीती होती.

तो अध्याय मी पुन्हा पुन्हा वाचला. कधी वाटे, बाईनं त्याला शिकवलं. त्यानं ऐकलं, आपला शब्द फिरवला. हे मोठंच. पण लगेच मन म्हणे, मुळात बोललाच का? ज्यानं विटाळ उडवून लावला, त्याच्याच तोंडून त्याच अध्यायात हे? रागानं पुस्तक मिटायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचे.

पाद्रीसाहेबांकडे गेले. बोळक्याचं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं.

"बाई, धीर धरावा. या बंधूंनी फार मोठा त्याग केला आहे. एकदम ओढले तर ते तुटतील."

"आणि आम्ही तुटलो तर, साहेब?"



पुढचं प्रभुभोजन आलं. मास्तरांनी बोळकं आणून ठेवलं. मी त्याला हात लावला नाही. पोरीला कडेवर घेतलं आणि उठले. पुढच्या सतरंजीवरून चालत गेले. बायकांनी पदर आवरले. मेजासमोर उभी राहिले.

"मला त्याच प्याल्यातून द्या."

"अगं, जागेवर जा," मास्तर म्हणाले.

"माझी जागा कुठली, ते या पुस्तकात दाखवा."

मास्तरांच्या बायकोनं मुलांना उठवलं आणि बाहेर नेलं. प्याला साहेबांच्या हातात होता. माझ्यापासून वीतभर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं.

"आज भोजन इथेच थांबवू," म्हणाले. आणि प्याल्यावर पांढरं फडकं घातलं.

मला द्यायला नको म्हणून कोणालाच नाही. अशा तऱ्हेनं मी त्यांच्या बरोबरीला आले.

काम गेलं. माफी मागितलीस तर परत मिळेल, असा निरोप आला. मी मिठागरावर परत गेले. पोरीला पुन्हा थंडी भरली. मी दिवसाउजेडी मडमेच्या दारात गेले. नाही म्हणाली तर सरकारी दवाखान्याच्या पायरीवर बसायचं ठरवलं होतं.

"पोरीला औषध पाहिजे."

पाया पडले नाही. मडमेनं पुडी दिली. माझ्याकडे बघितलं नाही, पण दिली. पोर जगली.

लोकांना वाटलं, आता ही धर्म सोडेल. मी सोडला नाही. सोडला असता तर मास्तरांना सोपं गेलं असतं. संध्याकाळी वस्तीतल्या बायका माझ्या ओट्यावर येतात. मी फुकट वाचून दाखवते. सातवा अध्याय गाळत नाही. कुत्र्याच्या जागी गोड शब्द घालत नाही. कोणी विचारतं, तो असं का गं बोलला? मला माहीत नाही, सांगते. कोणाला माहीत आहे असं मला दिसलेलं नाही.

मरेन तेव्हा तो भेटेल म्हणतात. भेटू दे. पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि उभी राहून विचारणार. उत्तर पटलं तरच पायाशी बसेन.