शटलमधलं कुंकू

गोमूत्राचा तांब्या माझ्या पोरानं धरला होता.

दसऱ्याचा दिवस. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतला चामड्याच्या बॅगांचा कारखाना. आत आठ नव्या मशिनी ओळीनं मांडलेल्या, एकेकीला झेंडूची माळ. त्या आठही मी निवडल्या होत्या. सहा दिवस खपून मीच लावून दिल्या होत्या. आणि मी उभा होतो दाराबाहेर, लोकांनी चपला काढल्या होत्या तिथं. शेठची आई म्हणाली होती, "त्याला बाहेरच थांबू दे. आटपलं की प्रसाद पाठवू."

त्याला. माझी सत्तरी उलटली आहे. ती बाई माझ्याच वयाची.

तिच्या हातात आंब्याची डहाळी. तांब्यात बुडवायची, मशीनवर झाडायची. पहिल्या मशीनवर वरवर शिंपडलं आणि थांबली. म्हणाली, "ह्यानं आतपर्यंत हात घातलाय ना? मग आतूनही व्हायला पाहिजे."

माझा पोरगा तिथं सुपरवायझर आहे. तो वाकला. सुईखालची पट्टी त्यानं अंगठ्यानं सरकवली. आतलं शटल उघडं पडलं. जिथं खालचा दोरा वरच्या दोऱ्याला धरतो ते शटल. मशीनचं काळीजच म्हणा. बाईनं त्यात डहाळी झाडली. चिमूटभर कुंकू टाकलं, अक्षता टाकल्या. पोरानं पट्टी लावली. दुसऱ्या मशीनपाशी गेला. परत पट्टी सरकवली.

आठ वेळा.

ती पट्टी कशी सरकवायची ते मी त्याला शिकवलं होतं. तेव्हा तो सात वर्षांचा होता.

प्रसाद आला कागदाच्या द्रोणात. पेढा पायरीवर ठेवला आणि मी एसटी धरली.

तो माझा पोरगा आहे हे त्या कारखान्यात कुणाला माहीत नव्हतं. आमचं आडनाव असं की पाटलाच्या घरातही सापडतं आणि आमच्यातही. नोकरीला लागताना त्यानं काय सांगितलं मला माहीत नाही. बहुतेक काहीच सांगितलं नाही, लोकांनी धरून चाललं, त्यानं चालू दिलं. इंदिरानगरला फ्लॅट घेतला. तिथं गेलो की लिफ्टमध्ये तो माझ्याशी बोलत नाही. दार लावलं की बोलतो. मग आप्पा, पाणी घ्या. आप्पा, गुडघा कसा आहे.

दसऱ्याच्या महिनाभर आधी तो नाशकातल्या माझ्या दुकानात आला. म्हणाला, "आप्पा, शेठनं मशिनी घेतल्यात, पण टाका बसत नाही. माल परत येतोय. तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही." मला बरं वाटलं. मग म्हणाला, "फक्त एक करा. तिथं मी तुम्हाला मिस्त्री म्हणेन. तुम्ही मला साहेब म्हणा."

मी हो म्हणालो.

ही चूक माझी. ती मी कुणाच्या माथी मारत नाही. मला त्याला काम करताना बघायचं होतं. चार माणसं त्याच्या हाताखाली आहेत म्हणे, ते बघायचं होतं. साहेब म्हणून का होईना, त्याच्या शेजारी थोडे दिवस उभं राहायला मिळणार होतं.

मी हरसूलकडचा. बाप आठवड्याच्या बाजारात एका कडेला पोतं अंथरून वहाणा शिवत बसायचा. आरी, रापी, मेणाचा दोरा. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो. म्हणजे शाळेत कमी आणि शाळेच्या पायरीवर जास्त. मास्तरची वहाण तुटली की मला वर्गातून उठवायचे. पाटी आत, मी बाहेर. एकदा पाढे चालू होते, सतराचा. मी बाहेरून टाके घालत घालत म्हणत होतो. मास्तर म्हणाला, "तू तोंड बंद ठेव, हात चालव." सतराचा पाढा मला अजून येत नाही. शाळा सोडली ती मी सोडली, कुणी काढलं नाही, एवढं मात्र खरं.

नाशकात आलो. पहिली मशीन घेतली ती जुनी, लांब नळीची, हातानं चाक फिरवायची. मी चामडं धरायचो, बायको चाक फिरवायची. दसऱ्याला आमच्याकडंही मशीनची पूजा व्हायची. बायको चाकाला कुंकू लावायची, वरच्या दांडीला फूल. शटलजवळ तिनं कधी बोट नेलं नाही. तिला शाळेचा उंबराही माहीत नव्हता, पण हे माहीत होतं. पोरगा अभ्यास करायचा त्याच मशीनखाली सतरंजीवर. दर रविवारी त्याच्याकडून शटल साफ करून घ्यायचो. ब्रशनं धूळ काढायची, फडक्यानं पुसायचं, तेलाचा एक थेंब. दुसरा थेंब टाकला की टपली.

तर कारखान्यात गेलो. पाहतो तर कपड्याच्या मशिनी. नव्या, चकचकीत, शेठनं कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेल्या. शेठ चाळिशीतला, बोलायला गोड. मला म्हणाला, "काका, मशीन ती मशीन. चामडं काय नि जीन्स काय."

मी म्हणलं, "शेठ, कपड्याला चुकीचं भोक पडलं तर दोरा उसवा, नख फिरवा, बुजतं. चामड्याला पडलं ते जन्माचं."

त्याला दाखवलंच. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून शिवल्या. कपड्याच्या मशीनचे दाते फक्त खालून ओढतात. खालची पट्टी पुढं गेली, वरची मागं राहिली. शिवण संपली तेव्हा वरची पट्टी अंगठाभर जास्त. शेठनं गाडीची किल्ली काढली.

मग त्याच्या गाडीत बसून नाशिकला, मशिनीवाल्याच्या दुकानात. मी पुढच्या सीटवर, पोरगा मागं. आयुष्यात पहिल्यांदा माझा पोरगा आणि मी एका गाडीत बसून चाललो होतो, आणि मला मागं वळून त्याच्याशी बोलता येत नव्हतं.

पिशवीत म्हशीच्या चामड्याचे तुकडे नेले होते. जाड, पातळ, चार घड्यांचे. चालत्या पायाची मशीन मागितली. म्हणजे सुई, वरचा पाय आणि खालचे दाते, तिघं एका चालीनं पुढं जातात, कुणी मागं राहत नाही. दुकानदार वरचा टाका दाखवत होता. तो चांगलाच असतो, विकायचा असतो. मी तुकडा उलटा करून खालचा बघितला. तीन मशिनी नाकारल्या. दुकानदार हसून म्हणाला, "बाबा, मुलगी बघायला आलात का मशीन?" मी म्हणलं, "मुलगी पसंत नाय पडली तर दोघं भांडून तरी राहतात. मशीन भांडत बी नाय." शेठ हसला. पोरगाही हसला, तोंड वळवून. ते हसू मी घरी घेऊन आलो.

आठ ठरवल्या. सहा सपाट, दोन गोल दांड्याच्या, बॅगेचं तोंड शिवताना ते दांड्यात घालून फिरवता येतं अशा.

मग सहा दिवस लावणी. कपड्याच्या गोल टोकाच्या सुया काढल्या, पात्यासारख्या टोकाच्या घातल्या. पायाचा दाब कमी केला, नाहीतर दात्यांचे वण चामड्यावर उमटतात. मग बॉबिनची डबी, खालचा दोरा असतो ती. ती दोऱ्यावर टांगायची. आपोआप घसरली तर ढिली. हिसका देऊनही हलली नाही तर फार घट्ट. हलका हिसका दिला की बोटभर उतरावी आणि थांबावी. हे पुस्तकात असेल नसेल. माझ्या मनगटात आहे.

मशिनीवर बसणाऱ्या बायांत एक मंगलताई, सिन्नरचीच. तिनं पहिली शिवण मारली आणि ओरडली, "बाबा, ही तर लोण्यावानी चालती!" सगळ्या बाया गोळा झाल्या. पोरगा लांबून म्हणाला, "मिस्त्री, अजून किती वेळ?"

"होतंय साहेब."

चौथ्या दिवशी जेवायच्या सुटीत सगळे बाहेर गेले होते. मी दारातून बघितलं. पोरगा एकटाच मशीनपाशी उभा. त्यानं डबी उचलली, दोऱ्यावर टांगली, हिसका दिला. तो हिसका माझा होता. तसाच मनगटातून, तसाच अर्धवट. डबी बोटभर उतरली आणि थांबली. तेवढ्यात कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला. त्यानं डबी खाली ठेवली आणि हात रुमालाला पुसले.

सहाव्या दिवशी शेठ खुशीत येऊन म्हणाला, "काका, एवढं बारीक काम शिकलात कुठं?"

मी म्हणलं, "बापाकडं. चांभार आहोत आम्ही."

साहेब म्हणायचं कबूल केलं होतं. जात लपवायची कबूल केली नव्हती. तेवढ्यात पोरानं फोन कानाला लावला आणि बाहेर गेला. फोन वाजला नव्हता.

"अरे वा," शेठ म्हणाला. "रक्तातच कला आहे तुमच्या." दुसऱ्या दिवशी दसरा होता.

त्या कारखान्यात गोदामभर चामडं आहे. शेठच्या कमरेला चामड्याचा पट्टा आहे. त्या म्हशींवर कुणी शिंपडलं नाही. माझ्या हातावर शिंपडलं.

दसऱ्याला जोडून तीन दिवस सुटी होती. चौथ्या दिवशी पोराचा फोन. "मशिनी खडखड करतायत. दोरा तुटतोय, टाका सुटतोय, दोन तर जाम झाल्यात. शेठ म्हणतोय मिस्त्रीनं काहीतरी घोळ घातला. आप्पा, या ना." फोनवर आप्पा म्हणाला. आजूबाजूला कुणी नसणार.

गेलो. शेठ दारातच भेटला. "काका, हातगुण कुठं गेला तुमचा? चार दिवसांत आठच्या आठ बसल्या!"

मी पिशवी खाली ठेवली. कागद मागितला, पांढरा. पहिल्या मशीनची पट्टी सरकवली, शटल सोडवलं आणि कागदावर झटकलं. कुंकवाचा चिखल. वाळून खडे झालेला. फुगलेल्या अक्षता, दोन ठेचून पीठ झालेल्या, त्यांत दोरा गुंतलेला. शटलच्या टोकाला तांबूस गंज. ओलं आत राहिलं, वर तीन दिवस बंद. लोखंडाला गोमूत्र काय आणि गंगा काय.

मंगलताई वाकून म्हणाली, "अगं बया, हे तर तांदूळ हायेत!" बायांत हसू फुटलं आणि लगेच विझलं.

शेठचं तोंड उतरलं. हळूच म्हणाला, "बरं, साफ करून द्या काका. आईच्या कानावर नको घालायला."

मी विचारलं, "मी परत आत हात घालणार. मग परत शिंपडणार का?"

तो हसला. "आईचं समाधान असतं हो. यावेळी वरच्यावर करू."

म्हणजे शिंपडणारच. फक्त मशीन बिघडणार नाही एवढं बघून.

मी पोराकडं बघितलं. तो माझ्या समोर, दोन हातांवर. त्याला ठाऊक होतं शटलमध्ये पाणी गेलं की काय होतं. त्या हॉलमध्ये माझ्यानंतर त्या एकट्यालाच ठाऊक होतं. तरी त्यानं आठ वेळा पट्टी उघडली. एकदा "आत नको, गंजेल" एवढं तरी म्हणायचं होतं. बापासाठी नाही, मशीनसाठी. ते कुणीही म्हणू शकतं. त्याला जात लागत नाही.

मी म्हणलं, "साहेब, पट्टी कुणी उघडली?"

तो माझ्याकडं बघेना. मग म्हणाला, "मिस्त्री, विषय वाढवू नका. काम करा ना, ऑर्डर अडकलीय."

सगळ्यांसमोर. त्याच्या आवाजात. त्या आवाजात लहानपणी तो आमच्या मशीनखाली बसून पाढे म्हणायचा, आणि मी मुद्दाम चाक थांबवायचो, ऐकू यावेत म्हणून.

मी पाना, पेचकस, ब्रश पिशवीत टाकले. शटल कागदावर तसंच ठेवलं, कुंकवासकट. शेठ म्हणाला, "काका, हे काय? पैसे जास्त लागत असतील तर बोला." मी म्हणलं, "मला नाय लावायच्या." दाराकडं वळलो. रडताना मला त्या बायांनी बघितलेलं नको होतं.

फाटकापाशी पोरगा धावत आला. मागं बघितलं, कुणी नाही. मग म्हणाला, "आप्पा, समजून घ्या. सोसायटी आहे, पोरीची शाळा आहे. तुम्हाला नाही कळत."

"मला कळतंय," मी म्हणलं. "तुला सांगायला हवं होतं का शटलमध्ये पाणी जातंय म्हणून?"

त्याचे डोळे भरले. माझेही. समोरून एक टेम्पो आला आणि तो दोन पावलं लांब सरकला.

ती दोन पावलं मी अजून मोजतो.

त्याचं बिंग मी फोडलं नाही, फोडणारही नाही. मी ज्या बापाचा पोरगा आहे तो पोत्यावर बसून मेला, पण त्यानं कधी कुणाचं गुपित विकलं नाही. ते पोराचं त्यानं बघावं. पण माझ्या दुकानावर आता पाटी आहे. पेंटर म्हणाला, "बाबा, नुसतं आडनाव टाका, गिऱ्हाईक वाढेल." मी सांगितलं, आडनाव घाल आणि पुढं चांभार घाल, तेवढंच मोठं. आत मशीन आहे. तिला दर रविवारी मी तेल घालतो. यंदा फूल वाहिलं नाही. पुढंही वाहणार नाही.

पोराचा फोन येतो. "आप्पा, संध्याकाळी अंधार पडल्यावर येऊन जाऊ का?" मी म्हणतो, नको. दिवसा ये. दुकानावर ये. रस्त्यात माणसं असतील तेव्हा ये. पाटीखाली उभा राहा आणि तिथून मोठ्यानं आप्पा म्हण.

तोवर मी मशीनवरून उठणार नाही.