वातावरण करणारे भाऊ

भाऊंनी कधी 'लाच' हा शब्द तोंडातून काढला नाही. ते म्हणायचे, "वातावरण करावं लागतंय." वडगावच्या कचेऱ्यांमध्ये ते असे वावरायचे की नवखा माणूस त्यांनाच साहेब समजून अर्ज पुढे करायचा. भाऊ तो वाचूनही बघत.

तळेगावजवळच्या एका परदेशी कंपनीत मी तेव्हा नवी होते; कंपनीची सरकारी कामं भाऊ बघायचे. परदेशातून आलेल्या साहेबांना मराठी येत नसे, भाऊंना इंग्रजी. मधे मी. कारखान्याची पाण्याची परवानगी अडली होती. "ताई, साहेबास्नी सांगा, वातावरण केल्याबिगर फाईल हलायची न्हाई." मी शब्दाला शब्द ठेवला: एन्व्हायर्न्मेंट. "पर्यावरणासाठी कंपनी काहीही करेल," साहेब म्हणाले आणि भाऊंकडे बघून बारीक हसले. आठवडाभरात पाणी आलं.

पुढे तसला सगळा खर्च त्याच नावाखाली पडू लागला. इतका, की परदेशातल्या मुख्य कचेरीनं आमच्या कारखान्याला पर्यावरणाचं बक्षीस दिलं!

तेच अंगाशी आलं. तिकडून दोन बाया झाडं बघायला आल्या. भाऊंनी त्यांना गाडीत घालून बेडशाच्या लेण्यांपाशी नेलं आणि अख्खा हिरवा डोंगर दाखवला. "ह्ये समदं आमीच केलंय."

"लेणीसुद्धा?" एकीनं विचारलं.

"न्हाई, लेणी आदीचीच. खोटं कशाला बोला!"

चौकशी बसली. साहेबांनी हात वर केले. "मला कल्पनाच नव्हती. इथल्या लोकांची पद्धतच अशी." हे मी मराठीत सांगितलं तेव्हा भाऊंचा चेहरा उतरला. "घेणारे आमचेच, ताई. पर देणारा कुटनं आलता, त्ये बी इचारा की." मी विचारलं. बाया साहेबांकडे बघू लागल्या, साहेब खिडकीबाहेर. भाऊंना काढलं, साहेब बढतीवर दुसऱ्या देशात गेले.

नंतर भाऊ मला वडगावच्या कचेरीबाहेर बाकावर भेटले. वडिलांमागे जमिनीला स्वतःचं नाव लावायचं होतं, आणि काम अडलं होतं.

"तुम्ही तर सगळ्यांना ओळखता, भाऊ!"

"म्हनून तर बसलोय. कायबी न देता व्हतंय का, येकदा बघायचंय."

महिने गेले. मी विसरूनही गेले होते. परवा त्यांचा फोन आला. आवाज नुसता फुलला होता. "ताई, लागलं की नाव! पर चुकीचं लागलंय."

"अरेरे! मग आता?"

"आता परत बसायचं. पर फुकाट चुकलंय, ताई! फुकाट!"