आत्याच्या मुंग्या

पाऊस येणार का, हे सांगण्यासाठी आत्या आभाळाकडे कधीच बघायची नाही. ती भिंतीकडे बघायची. प्रताप नगरातल्या आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर मुंग्या तोंडात अंडी धरून चढताना दिसल्या, की वाळत घातलेल्या कुरडया आत यायच्या, गाद्या आत यायच्या आणि आमचं बाहेर जाणं रद्द व्हायचं. मग दिवसभर लख्ख ऊन पडायचं.

आपलं चुकलं, हे तिला कधी मान्यच नसे. इथे पडला नाही तर तो बुटीबोरीकडे पडलेला असे. मी नोकरीला बुटीबोरीतच. संध्याकाळी कोरडा ठणठणीत घरी आलो, तर म्हणायची, "तू कारखान्यात आत बसून राहतं. तुले का दिसते?" चिमण्या मातीत लोळल्या, मिठाला पाणी सुटलं, कावळ्यानं घरटं खाली बांधलं, हिला पाऊस कळवण्यावाचून जगाला दुसरा उद्योगच नव्हता. अशा बाईशी वाद घालणं म्हणजे डोकं फोडून घेणं. तरी मी घालायचो, कारण माझा तिच्यावर जीव होता.

मुंग्यांचं कारण अगदी साधं होतं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा कूलर होता. त्याची टाकी भरून वाहिली, की पाणी थेट मुंग्यांच्या बिळात शिरायचं. मी तिला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. ती म्हणाली, "कूलर तं रोजच चालते. मंग मुंग्या रोज काहून नाही निघत?" टाकी रोज वाहत नाही, हे तिच्या डोक्यात काही शिरलं नाही.

मिरगाच्या तोंडावर पारशिवनीजवळच्या गावाहून फोन आला. माझे काका, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, शेवटचे दिवस मोजत होते. सकाळी शुद्धीवर आले होते आणि "बाईले बोलवा" एवढंच म्हणत होते; आत्याला ते बाई म्हणायचे. आत्यानं पिशवी भरली. निघता निघता ती मागच्या दारी जाऊन आली आणि चपला काढून ठेवल्या.

"मुंग्यायनं अंडे काढले. आज धो-धो येते. नाला चढला तं मधातच अडकू. उद्या जाऊ."

"आत्या, कूलर वाहून राहिला वं. मोबाइलात पावसाचं नावही नाही."

"मोबाइलले का कळते गा?"

मी हात जोडले, ओरडलो, गाडी दारात आणून उभी केली. ती खाटेवर बसून राहिली. दिवसभर ऊन तापलं. संध्याकाळी काका गेले. आम्ही कोरड्याठाक नाल्यावरून गावात शिरलो तेव्हा आत्या खिडकीतून खाली बघत होती. मला तिची कीव यायला हवी होती. मला फक्त संताप आला.

त्यानंतर मरेपर्यंत तिनं मुंग्यांचं नाव काढलं नाही. बाहेर पडायच्या आधी मला विचारायची, "का म्हणते तुहा मोबाइल?" आणि मी सांगेन तसं करायची. एकदा माझ्या शब्दावर ती छत्री न घेता बाजारात गेली आणि चिंब भिजून परत आली. दारात उभी राहून तिनं पदर पिळला. आता मला चांगलं सुनावेल म्हणून मी वाट बघत राहिलो. ती पिशवीतली भाजी काढून निवडायला बसली.