अकराशे वीस ग्रॅम

त्या ट्रायपॉडचं वजन मला अजून तोंडपाठ आहे. अकराशे वीस ग्रॅम, वरच्या फिरत्या हेडसकट. स्वतःच्या रक्तदाबाचे आकडे मी विसरतो, हे विसरत नाही.

ट्रायपॉड माझा नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्यासाठी मी तो निवडला होता. कॅनडात, लव्हालमध्ये घर घेतलं त्या पहिल्याच हिवाळ्यात मी ऑफिसचे बूट घालून ड्राइव्हवे शोव्हल करत होतो. तो पलीकडून आला, माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं, बर्फ कसा उचलायचा ते दाखवलं आणि परत गेला. मला भयंकर राग आला होता. पुढे सतरा वर्षं आमची गट्टी टिकली. तो विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, बायको वारलेली, मुलगी मॉन्ट्रियलमध्ये. त्याचं इंग्रजी आणि माझं फ्रेंच सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं भांडण कधी धड पूर्ण झालं नाही.

दर ऑक्टोबरमध्ये तो गास्पेच्या डोंगरात मूजच्या, म्हणजे तिकडच्या घोड्याहून उंच हरणाच्या, शिकारीला जायचा. हातात बंदूक, पाठीवर तंबू आणि स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. एका ठरावीक कड्यावर बसून समोरचा उतार तासन्‌तास न्याहाळायचा. तो कडा त्याला त्याच्या बायकोने दाखवला होता. शिकाऱ्यांचं घराणं तिचं, त्याचं नव्हे. मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाठीवर दहा किलोच्या वर काही नको. मुलगी म्हणाली, डोंगरच नको. बऱ्याच वादावादीनंतर ठरलं की एकदाच जायचं, शेवटचं, आणि सोबत कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे मी.

"तू शिकारीला?" बायको म्हणाली. "डास मारताना सॉरी म्हणतोस तू."

आमच्या घरात अंडंसुद्धा तिच्या नजरेआड उकडावं लागतं. मी तिला सांगितलं की मी फक्त त्याची बॅग हलकी करणार आहे. आणि ते काम मला येत होतं. इंडियाला जायच्या आदल्या दिवशी ओळखीतले निम्मे मराठी लोक मला बोलावतात. मी हूकचा काटा घेऊन जातो आणि सव्वीस किलोची बॅग विमानाला चालणाऱ्या तेवीस किलोवर आणून देतो. कुठला डबा काढायचा, कुठली पुस्तकं हातात धरायची, कुठलं जाकीट अंगावर चढवायचं, सगळं मला नुसतं बघून कळतं.

त्याची बॅग आमच्या किचन काउंटरवर आणून मी एकेक वस्तू काट्यावर ठेवली. बंदूक सोडून पावणेबारा किलो. मुख्य गुन्हेगार लगेच सापडला. स्कोप बसवायचा जुना ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड, दोन किलो नऊशे.

महिनाभर मी ट्रायपॉडचा कीस पाडला. स्प्रेडशीट केली. आधी मी उभ्या माणसाच्या डोळ्यापर्यंत पोचणारे ट्रायपॉड बघत होतो. त्याने मला बॅकयार्डात नेलं आणि खांद्याला धरून गवतावर बसवलं. "शिकारी बसून बघतो, मोनामी," तो म्हणाला. "उभा राहतो तो टूरिस्ट." तिथेच निम्मी उंची गेली आणि तिच्याबरोबर बरंच वजनही. मग पायांचा प्रश्न आला. जास्त तुकड्यांचे पाय घडी करून छोटे होतात, पण शेवटचा तुकडा पेन्सिलीएवढा राहतो. तो दुकानात प्रत्येक ट्रायपॉडवर आपला स्कोप चढवायचा, पार दुसऱ्या टोकाच्या वॉशरूमच्या पाटीवर रोखायचा, पायाला टिचकी मारायचा आणि पाटी नाचायची थांबेपर्यंत तोंडाने आकडे मोजायचा. दुकानातला पोरगेला सेल्समन आम्हाला बघितलं की आतल्या खोलीत जायचा.

शेवटी एक कार्बन फायबरचा आम्हा दोघांना पटला. त्याला मधला वर-खाली होणारा दांडा नव्हता, फक्त खालच्या बाजूला एक छोटा हूक होता. हूकचं वजन मला खुपत होतं. हूक कशाला, मी विचारलं. वारा सुटला की कळेल, तो म्हणाला. बॅग नऊ किलो नऊशे सत्तरवर आली. इतका आनंद मला नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी बायको एक कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. डिंकाचे लाडू, पातळ पोह्यांचा चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या, लिंबाचं लोणचं. मी पिशवी काट्याला लावली. एक किलो सातशे. माझं डोकं फिरलं. महिनाभर मी ग्रॅम ग्रॅम खरवडून काढला तो काय यासाठी?

"ट्रायपॉड हलका केलास ना?" ती शांतपणे म्हणाली. "मग जागा झालीच की."

तिचं चुकत नव्हतं. कारण आमचे सगळे लोक हेच करतात. बॅगेतून दोन किलो काढायचे ते दोन किलो खायचं भरता यावं म्हणून. पिशवी मी माझ्याकडे घेत होतो, पण म्हाताऱ्याने ती हिसकून स्वतःच्या बॅगेत घातली. "मादामने मला दिलंय," तो म्हणाला.

आठ तास गाडी आणि दोन दिवस चढ. कडा चढून गेलो तेव्हा वरती वारा असा सुटला होता की माझी केशरी टोपी पहिल्याच मिनिटाला उडाली. त्याने ट्रायपॉड उघडला, स्कोप लावला, डोळा लावला आणि बाजूला सरकला. मी डोळा लावला. समोरचा उतार थरथरत होता, झाड कुठलं आणि सावली कुठली काही कळेना. मी इतकी हलकी वस्तू निवडली होती की ती कामाचीच राहिली नव्हती. त्याची शेवटची खेप मी माझ्या हाताने वाया घालवली होती.

त्याने बॅगेतून माझ्या बायकोची पिशवी काढली आणि ट्रायपॉडच्या हूकला अडकवली. उतार जागच्या जागी थांबला.

आम्ही हसत सुटलो. मग भूक लागली. त्याने एक लाडू काढला, तेवढ्यात जोराचा वारा आला आणि समोरची झाडं पुन्हा हलली. त्याने वाकून लाडवाएवढा एक दगड उचलला आणि पिशवीत टाकला. त्यानंतर तोच नियम झाला. एक लाडू बाहेर, एक दगड आत. दोन दिवसांत त्याने नऊ खाल्ले आणि मी दोन.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दिसला. थोरला नर मूज, फावड्यासारखी रुंद शिंगं, कडेकडेने चरत चाललेला. म्हाताऱ्याने तासभर डोळा काढला नाही. बंदूक शेजारी तशीच पडून होती. मारणार नाहीस का, मी हळूच विचारलं.

"मारला तर खाली वाहून कोण नेणार? माझा गुडघा असा. तू तर खातही नाहीस."

"मग साडेतीन किलोची बंदूक कशाला आणलीस?" मी चिडून विचारलं.

"शिकारीला जातो म्हटलं म्हणून मुलीने सोडलं," तो म्हणाला. "नुसता बघायला जातो म्हटलं असतं, तर घरी बसून टीव्ही बघ म्हणाली असती." मग पुन्हा स्कोपला डोळा लावून म्हणाला, "इथे माझी बायको शेवटची येऊन बसली होती. याच बाजूला."

उतरताना तो फार सावकाश चालला. खाणं संपलं होतं, बॅग हलकी व्हायला हवी होती, तरी प्रत्येक पावलाला गुडघा धरत होता. बॅग दे, मी तीनदा म्हटलं. तीनदा तो नको म्हणाला. त्याचा ताठा म्हणून मी सोडून दिलं, पण मनात टोचत राहिलं की मी आणखी कुठे दोनशे ग्रॅम वाचवायला हवे होते.

त्यानंतर तो डोंगरात गेला नाही. दोन हिवाळे गेले, आणि तिसऱ्यात तो गेला. मागच्या महिन्यात घर रिकामं करताना त्याची मुलगी ट्रायपॉड घेऊन आमच्याकडे आली. सोबत ती कापडी पिशवी. ही मादामला परत द्यायची असं बाबांनी लिहून ठेवलंय, ती म्हणाली.

पिशवी जड होती. मी ती किचन काउंटरवर उलटी केली. अकरा दगड निघाले. कुठल्या कुठल्या दगडाला अजून चिवड्याची हळद लागलेली होती.

बायकोने मला न विचारता ते काट्यावर ठेवले. तेराशे दहा ग्रॅम. ट्रायपॉडपेक्षा जास्त. ते ओझं त्या गुडघ्यावर तो दोन दिवस उतरवत आला होता आणि मला हात लावू दिला नव्हता. मी काउंटरला टेकून रडलो. बायकोने एकेक दगड उचलून परत पिशवीत भरला आणि पिशवीचे बंद बांधले.