डोळे मिटून पाहिलेल्या कुस्त्या

सरकारी कचेरीत दोन गोष्टी कुणी न सांगता वाढत जातात. एक, निकाली निघालेल्या फायली. दुसरी, मधल्या सुटीतल्या गप्पा. फायलींना निदान अधूनमधून वाळवी लागते. गप्पांना तीही सोय नाही. निवृत्त होताना मी टेबलाचा खण रिकामा केला, चाव्या दिल्या, सही केली. हे किस्से मात्र कुणाच्या ताब्यात द्यायचे ते कुठल्याच नियमात सापडलं नाही. म्हणून माझ्यापाशीच राहिले.

किस्से सगळे कुस्तीचे. तांबड्या मातीतल्या नव्हे, फ्री-स्टाईलच्या. चौकोनी रिंग, चारी बाजूंना दोर, चकचकीत चड्ड्या आणि रेफ्री नावाचा एक किरकोळ माणूस, ज्याचं कुणीच ऐकत नाही! साठीचं दशक सरत आलं होतं. कुस्त्या व्हायच्या मुंबईत नाही तर कलकत्त्यात. मुंबईचा पेपर नागपूरला पोचायचा दुसऱ्या दिवशी दुपारी. आणि सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कचेरीच्या मागे, रेकॉर्डरूमच्या भिंतीला टेकून आम्ही चौघे त्या पाहायचो.

'पाहायचो' हेच बरोबर आहे. आमचे हेडक्लार्क बापूराव ढोमणे, ज्यांना सगळी कचेरी बडेबाबू म्हणे, पेपर उघडून मोठ्यानं वाचायचे. बाकी तिघांनी डोळे मिटायचे, असा नियमच होता.

"डोळे उघडे ठेवले का समोर भिंत दिसते गा," बडेबाबू म्हणायचे. "मिटले का रिंग दिसते."

हिवाळ्यातलं ऊन, अंगावर हलणारी कडुनिंबाची सावली, बोटांना संत्र्याच्या सालीचा वास. मिटल्या पापण्यांआड सगळं नारिंगी होऊन जायचं, आणि त्या नारिंगी रंगात दिलावरसिंग हळूहळू दोर ओलांडून आत यायचा.

* * *

दिलावर आमचा. त्याच्या विरुद्ध नेहमी बोरोव, पोस्टरवरचा 'हंगेरीचा हत्ती'.

ही जोडी एकदाच, फक्त एकदाच, नागपुरात आली. आठ दिवस टांग्यावर भोंगा लावून गल्लोगल्ली पुकारा झाला. संध्याकाळी मैदानावर आम्ही चौघे पुढच्या रांगेत. बडेबाबूंच्या मांडीवर संत्र्यांची पिशवी.

बोरोवनं येताच रेफ्रीला ढकललं. मग दिलावरच्या डोळ्यांत बोटं घातली. बडेबाबूंना ते सहन झालं नाही. हेडक्लार्कपद विसरून ते उभे राहिले आणि त्यांनी एक संत्रं नेम धरून भिरकावलं!

बोरोवनं ते हवेत झेललं. उलटसुलट करून पाहिलं. मग सगळ्या मैदानादेखत कुस्ती थांबवून ते सोललं, खाल्लं, बिया हातावर काढल्या आणि बडेबाबूंकडे पाहून बोट वर केलं. अजून एक!

बडेबाबूंनी मुकाट्यानं दुसरं दिलं. हातात.

 परतताना व्हरायटी चौकापाशी ते म्हणाले, "माणूस वाईट नाही गा तो. फक्त समोरच्या बाजूचा आहे."

* * *

आमच्यात एक नास्तिक होता. शामराव दुपारे, आवक-जावकचे क्लार्क. त्यांचं एकच पालुपद, "नूरा आहे सारी, नूरा!" नूरा म्हणजे आधीच ठरवलेली, लुटुपुटीची कुस्ती. गंमत म्हणजे मधल्या सुटीत डोळे सगळ्यांत आधी तेच मिटायचे.

एकदा त्यांनी हे सिद्ध करायचं ठरवलं. समोर रहमानभाई, फायली शिवून लावणारे आमचे दप्तरी. कामठीचे, सात पिढ्या विणकरांच्या, त्यामुळे पायांत हातमागाचं बळ.

"मारा लात," शामराव म्हणाले. "दिलावर मारते तशी, छातीवर. मी फक्त पडल्यासारखं करतो. लागतच नाही बाप्पा!"

"सोच लो, दुपारेबाबू."

"मारा हो!"

रहमानभाईंनी मारली. शामराव पडल्यासारखं करू शकले नाहीत, कारण ते आधीच आवक रजिस्टरांच्या कपाटाखाली होते.

चार दिवसांनी रजेचा अर्ज आला. कारण, 'पाय घसरून पडल्यामुळे.' बडेबाबूंनी तो शेरा मारून परत पाठवला. 'कारण असत्य. कुस्ती खरी असते हे अर्जदाराने लेखी मान्य केल्यास रजा विचारात घेता येईल.'

शामराव अडून बसले. अर्ज तीन वेळा गेला, तीन वेळा आला. चौथ्यांदा त्यांनी एकच ओळ लिहिली, 'कुस्ती खोटी, लात खरी.'

बडेबाबूंनी रजा मंजूर केली.

* * *

आता जरा नाजूक गोष्ट.

एका दुपारी बडेबाबू वाचत होते. दिलावरनं बोरोवला खांद्यावर उचललं होतं आणि गरगर फिरवत होता. तेवढ्यात मला मुंगी चावली आणि माझे डोळे उघडले.

बडेबाबूंच्या हातात पेपर होता. पण तो पंधरवड्यापूर्वीचा होता, टेंडर नोटिसांच्या पानाचा, आणि त्यात सकाळी रहमानभाईंनी भजी बांधून आणली होती. मधोमध तेलाचा मोठा डाग. बडेबाबूंची नजर त्या डागाच्याही वर, कडुनिंबाकडे कुठंतरी लागलेली. आणि आवाज मात्र रिंगच्या कडेला उभं राहिल्यासारखा. "उचलला, उचलला... आणि आपटला!"

मी पुन्हा डोळे मिटले. बोरोव पडला. मातीचा वाससुद्धा आला, रिंगमध्ये माती नसून.

संध्याकाळी शामरावांना एका बाजूला घेतलं. ते म्हणाले, "मले तीन महिन्यांपासून माहीत आहे."

आम्ही रहमानभाईंकडे गेलो. ते म्हणाले, "और वो भजिये का कागज उन के हाथ में किसने दिया, भाई?"

म्हणजे तिघांनाही ठाऊक होतं, आणि तिघेही आपापले डोळे मिटून गप्प होते!

काचबिंदू होता. सीताबर्डीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही, राहिलेलंही राहणार नाही. निवृत्तीला पावणेदोन वर्षं होती. वर कळलं तर मेडिकल बोर्ड, आणि बोर्डानंतर घर. पस्तीस वर्षं ज्या खुर्चीवर बसले तिथून कुणीतरी हात धरून उठवायचं! बडेबाबूंना भीती अंधाराची नव्हती, त्या हाताची होती.

मग आम्ही कुणाशी काही न बोलता एक पद्धत पाडली. शामराव मसुदा 'भाषा तपासायला' म्हणून मोठ्यानं वाचायचे. जुन्या फायली बडेबाबूंना पानासकट पाठ होत्या. आणि सहीच्या जागेशेजारी मी एक टाचणी टोचून ठेवायचो. ते बोटानं टाचणी शोधायचे, ती काढून दौतीजवळ ठेवायचे आणि सही करायचे. सही इतकी देखणी की डोळस माणसाला लाज वाटावी.

टाचणीबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

* * *

त्या काळात कुस्त्यांना फार रंग चढला. पेपरातल्या बोरोवला डाव होते चार. बडेबाबूंच्या बोरोवला चौदा! शिवाय एक नवा पैलवान आला होता, काळा मुखवटा. हा पेपरातही होता. तो कोण, यावर आम्ही अख्खा उन्हाळा काढला.

रहमानभाईंचं ठाम मत, तो कामठीचा विणकर असून त्यांचा मावसभाऊ आहे. "चाल देखो उस की. एक पाय दाबते, दुसरा उचलते. माग चालवणारा आदमी आहे!"

"तुम्ही त्याची चाल कुठं पाहिली?" मी विचारलं.

"आँखें बंद कर के."

पुढं तो मावसभाऊ खरोखरच कचेरीत आला, कसल्याशा दाखल्यासाठी. काडीसारखा माणूस, अर्ज दोन्ही हातांनी धरलेला. रहमानभाईंनी अभिमानानं ओळख करून दिली. बडेबाबूंनी त्याच्या चेहऱ्याकडे, म्हणजे चेहऱ्याच्या जरा डावीकडे, गंभीरपणे पाहिलं.

"असं नाही चालत," ते म्हणाले. "उद्या मुखवटा घालून या. ओळख पटून नाही राहिली."

* * *

एक अगदी लहानसा प्रसंग. यात हसण्यासारखं काही नाही.

सुमनवहिनी, बडेबाबूंच्या पत्नी, एकदा विसरलेला डबा द्यायला फाटकाशी आल्या. डबा माझ्या हाती देऊन तिथंच घुटमळल्या.

"भाऊजी, हे म्हणतात, मी रोज पेपर वाचून दाखवतो म्हणून. खरं काय जी?"

"हो वहिनी."

"घरी तं ताटात काय वाढलं तेई मले सांगा लागते." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "कसं वाचतात?"

"फार छान वाचतात, वहिनी."

त्या थोड्या हसल्या आणि वळल्या. चार पावलांवरून परत येऊन हळूच म्हणाल्या, "त्या दिलावरले हरू नका देऊ बाप्पा. हरला का हे जेवत नाहीत."

* * *

आणि हा शेवटचा.

नवे साहेब आले. वयानं तरुण, परीक्षा देऊन थेट खुर्चीवर. उमरेडकडचे आहेत असं कानावर होतं, पण कचेरीत अर्धं इंग्रजी आणि अर्धं छापील मराठी बोलायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फाईल उजेडात धरली.

"बडेबाबूंच्या प्रत्येक सहीशेजारी हे भोक कसलं?"

"वाळवी, सर," शामराव म्हणाले.

"वाळवी नेमकी सहीशेजारी?"

"सरकारी वाळवी आहे, सर. योग्य त्या मार्गानंच जाते."

साहेब हसले नाहीत. "बडेबाबूंचे डोळे कसे आहेत?"

"उत्तम!" आम्ही तिघे एकदम म्हणालो. तिथंच चुकलं. कचेरीतल्या तिघांचं एकमत झालं की कुठल्याही साहेबाला संशय येतो.

त्यानंतर ते बडेबाबूंच्या टेबलाशी थांबू लागले. नुसते उभे राहायचे. निवृत्तीला पाच महिने होते.

अशात एका दुपारी रहमानभाई पेपर घेऊन आले. रोज हातात फडकावत आणायचे, त्या दिवशी काखेत घडी करून.

"दिलावर गया," ते म्हणाले.

कलकत्त्याची कुस्ती. बोरोवनं ढकललं, दिलावर दोरांवरून बाहेर पडला, मानेवर. पहाटे हॉस्पिटलात प्राण गेला. काळ्या चौकटीत जुना फोटो, खाली सहा ओळी. बोरोव हॉस्पिटलच्या पायरीवर बसून रडत होता, असंही छापलं होतं. शामरावांनी बातमी मसुद्यासारखी मोठ्यानं दोनदा वाचली, चष्मा काढून पुसला, तिसऱ्यांदा वाचली. 'नूरा' म्हणाले नाहीत.

"त्याहिले सांगन कोन?" त्यांनी विचारलं.

कुणीच नाही. गाडी लेट आहे, पेपर आला नाही, असं ठरलं.

मधल्या सुटीत भिंतीला टेकून बसलो. बडेबाबूंनी हात पुढं केला. "आना गा."

"आज नाही आला जी. गाडी लेट आहे."

तोच कोपऱ्यावरून साहेब आले. त्या अंगणात पहिल्यांदाच. हातात त्यांचा स्वतःचा पेपर. आम्ही ताडकन उठलो. बडेबाबू क्षणभर उशिरा उठले, आणि किंचित भलत्या दिशेला तोंड करून.

"बसा, बसा. बडेबाबू, तुम्ही कुस्ती फार छान वाचता असं ऐकलं. आजची वाचा." साहेबांनी पान उघडलं, काळी चौकट वर येईल अशी घडी घातली आणि पेपर त्यांच्या हातात ठेवला.

"सर, मी वाचतो," शामराव म्हणाले.

"मी बडेबाबूंना सांगितलंय."

बडेबाबूंची बोटं कागदावरून फिरली. मला कळलं, ते टाचणी शोधत होते. टाचणी नव्हती. त्यांनी मान वर केली, कडुनिंबाकडे, आणि घसा साफ केला.

"कलकत्ता," ते म्हणाले. "मैदान गच्च भरलं आहे. दिलावरच्या अंगावर हिरवा झगा. बोरोव आज हात मिळवायले तयार नाही..."

आम्ही कुणी डोळे मिटले नाहीत. तिघेही साहेबांच्या तोंडाकडे पाहत होतो. साहेब पेपरातल्या चौकटीकडे पाहत होते.

पहिला राउंड झाला. दुसरा सुरू झाला. बडेबाबूंचा आवाज हळू होत गेला.

"बोरोवनं ढकललं. दिलावर दोरावर गेला. दोरावरून बाहेर पडला. मानेवर."

रहमानभाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. आम्ही तर सांगितलं नव्हतं! नुसतं मोठ्यानं वाचलं होतं.

"रेफ्री मोजून राहिला. एक. दोन. तीन. बोरोव रिंगमध्ये उभा आहे, तो खाली वाकून पाहून राहिला. पाच. सहा. मैदानात आवाज नाही. सात..."

तिथं बडेबाबू थांबले. 

साहेबांनी फोटोकडे पाहिलं. मग बडेबाबूंच्या चेहऱ्याकडे, मग एकेक करून आम्हा तिघांकडे. खिशातून रुमाल काढला, रेकॉर्डरूमच्या पायरीवर अंथरला आणि त्यावर बसले.

"मंग?" साहेब म्हणाले. "उठला का तो?"

"सांगतो," बडेबाबू म्हणाले. "आधी डोळे मिटा, साहेब."

साहेबांनी मिटले.