पहिल्या पाण्याची गार

कुणाच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये स्फटिकाची गार दिसली की माझं डोकं फिरतं. वर पाहुण्यांना सांगतात, "बघा, कशी चकाकते!" चकाकणारच, पुसून-पुसून ठेवल्यावर दुसरं काय करील? आमच्या घरीही तशीच एक गार होती. रांजणाशेजारच्या कोनाड्यात ती कितीतरी वर्षं पडून होती आणि तिला पाण्याचा थेंब लावायची कुणाची छाती नव्हती.

उमरग्याकडच्या मुरुम गावाजवळ आमचं शेत. निजामाचं राज्य जाऊन फार काळ झाला नव्हता. वडील वारलेले, शेत, माय आणि माझी शाळा, सगळं थोरल्या भावाच्या अंगावर. माय लांबच्या ओढ्यात झिरा उकरून पाणी आणायची. दादाला ते बघवायचं नाही. "माय, तुज्या डोक्यावरची घागर उतरवतो का न्हाय बघ," म्हणत त्यानं विहीर काढायला घेतली.

माती संपली, काळा पाषाण लागला. पाण्याचा पत्ता नाही. जाणती माणसं म्हणाली, "जागा बदल बाबा, ओढ्याकडं सरक." दादा बदलणारही होता. तेवढ्यात एक सुरुंग उडाला आणि खडकाच्या पोटात पोकळी उघडली. आत चहूकडून पांढऱ्या टोकदार गारा. आमच्याकडं पक्का समज, गार लागली की पाणी हातभरावर. दादा धोतराच्या सोग्यात एक तुकडा गुंडाळून वर आला. नवरदेवासारखा हसत होता.

"माय, हिला कोरडीच ठेव," तो म्हणाला. "हिरीचं पहिलं पानी हिच्यावर घालायचं. मग देवाला, मग तुला."

मग तो कुणाचं ऐकेना. मी उमरग्याच्या शाळेतून सुट्टीला आलो होतो. त्या दुपारी सुरुंग भरले, बत्ती दिली. सगळे उडाले, एक उडालाच नाही. सोबतचे गडी म्हणाले, "आज ऱ्हाऊ द्या, उद्या बघू." दादा म्हणाला, "हातभर ऱ्हायलंय अन् उद्या कशाला?" आणि उतरला. मी मायच्या शेजारी काठावर उभा होतो. पुढचं मी लिहिणार नाही.

विहीर तशीच राहिली. दिवाळीला गावभर तेरखेड्याचे फटाके वाजत, तेव्हा माय कानात बोळे घालून आतल्या खोलीत बसायची. लोक म्हणत, "गारंच्या नादानं गेला बिचारा." लोकांच्या जिभेला काय हाड! पण मायच्या काळजाला ते डागणी दिल्यासारखं लागायचं. तिला दुसरं काही नको होतं. ती एकच विचारायची, "तितं पानी व्हतं का न्हाय रे? का माजं लेकरू येडं व्हतं?"

मी हैदराबादला जाऊन भूगर्भशास्त्र शिकलो ते त्या प्रश्नापायी. लोकांना वाटलं, पोरगं हुशार. कसलं हुशार! आमचे प्राध्यापक गारांचे नमुने परदेशातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. गारेतल्या ऑक्सिजनचे सगळे अणू सारख्या वजनाचे नसतात. काही हलके, काही जरा जड. त्यांना समस्थानिकं म्हणतात. जड किती नि हलके किती, हे मोजलं की गार कशात जमली त्याचा माग लागतो, लाव्ह्याच्या धगीत की मागाहून मुरलेल्या पाण्यात.

मी मायला गारेचा तुकडा मागितला. ती कोनाड्याकडं बघत बसली. मग म्हणाली, "फोड. पर कोरडीच फोड."

बऱ्याच महिन्यांनी प्राध्यापकांनी बोलावलं. "तुमची गार आगीतली नाही," ते म्हणाले. "खडक निवल्यावर पावसाचं पाणी भेगांतून मुरलं, त्यातून जमलेली दिसते. कोट्यवधी वर्षं झाली त्याला." मी त्यांच्यासमोरच हमसून हमसून रडलो. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, आकडा चुकला की काय.

घरी गेलो तेव्हा माय भाकरी थापत होती. "माय, पानी व्हतं," मी म्हणालो. "दादाची गार पान्यातच घडलीया."

तिचे हात थांबले. "व्हय?"

"व्हय."

"मंग गेलं कुटं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. जीभ रेटली नाही. "लई जुनं पानी, माय. मानूस जलमाला यायच्या आदीचं. कवाच आटून गेलं."

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "म्हंजे माजं लेकरू येडं न्हवतं."

पिठाचे हात तसेच घेऊन ती उठली. कोनाड्यातून गार काढून ओसरीवर आणली, रांजणातलं, सकाळी ओढ्यावरून आणलेलं पाणी तांब्यात घेतलं आणि सावकाश तिच्यावर ओतलं. मग लहान लेकराचं डोकं पुसावं तशी ती पदरानं पुसली.

"हिला मिळालं व्हतं की रे पहिलं पानी," ती म्हणाली. "त्यालाच तेवढं मिळालं न्हाय."