स्पिनालोंगाच्या स्लाइड्स

हे सांगायचं मी जवळजवळ चाळीस वर्षं टाळलं. तीन आठवड्यांपूर्वी मधूच्या पुतणीचा फोन आला, "काका, मधूकाका गेले..." आणि ज्याच्यापासून तोंड चुकवायचं तोच उरला नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळात आजही म्हणतात, मधू शिष्ट होता, म्हणून यायचा बंद झाला. ते खरं नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही न्यू जर्सीत एकाच ऑफिसात होतो. एकदा भारतात जाताना वाटेत ग्रीसला थांबलो, तर त्याला क्रीटजवळच्या स्पिनालोंगा बेटावरच जायचं होतं. समुद्रातला जुना किल्ला, आणि त्यात पूर्वी कुष्ठरोग्यांची वसाहत. "मध्या, लोक इथे डुंबायला येतात यार!" मी वैतागलो. होडीत तो हळूच म्हणाला, "माझी आई अशाच वसाहतीत गेली रे. मला फाटकाच्या आत सोडत नसत." बेटावरच्या ओसाड घरांतून तो एकेका उंबऱ्याशी थांबत फिरला. परतताना एवढंच म्हणाला, "कुणाला बोलू नकोस."

त्या काळी कुणी प्रवासाहून आलं की मंडळींसाठी स्लाइड शो व्हायचा. आयसेलिन गावातल्या माझ्या घरी, बेसमेंटमध्ये, रविवारी दुपारी, पडदे ओढून. प्रत्येकजण घरून एक पदार्थ आणायचा. मधू एकटा राहायचा, पण चक्का बांधून श्रीखंड स्वतः करायचा. त्या दिवशी प्रोजेक्टरही तोच चालवत होता. कुमुदवहिनी म्हणाल्या, "अहो, ग्रीसला जाऊन पडक्या भिंती? आमच्या गावी फुकट दाखवल्या असत्या!" सगळे हसले. ते हसणं मला लागलं, आणि मी बोलून गेलो, "त्याची आई महारोगी होती ना, म्हणून..."

मधूने पुढची स्लाइड लावली. मग उरलेल्या सगळ्या दाखवल्या. जेवताना त्याच्या श्रीखंडात कुणी चमचा घातला नाही. आम्ही सगळे शिकलेले, त्यात दोघे डॉक्टर. मीही घातला नाही. त्याने भांड्यावर झाकण ठेवलं, माझ्या बायकोला "वहिनी, येतो" म्हणाला आणि गेला. पुढे लोक त्याला शिष्ट म्हणू लागले, तेव्हा मी मान डोलावली.

गेल्या वर्षी धीर करून त्याच्या अपार्टमेंटवर गेलो. काय बोलायचं ते गाडीत पाठ केलं होतं. त्याने चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "चालेल ना तुला?"

मी घाईघाईने मोठा घोट घेतला. जीभ पोळली. तो माझ्याकडे बघत होता, मी बोलायची वाट बघत असावा...

"साखर अगदी बरोबर आहे," मी म्हणालो.